'द बँड'चा बँड कसा वाजला?

२०२५ च्या जानेवारीत गार्थ हडसन वारला. वय ८७. आपल्याकडच्या पेपरात कुठल्या कोपऱ्यात आलं असेल-नसेल, पण आमच्या गाण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली, आणि त्यात एकाने, जो एरवी फक्त नाट्यसंगीताच्या क्लिपा टाकतो, सरळ विचारलं की हा होता कोण आणि तुम्ही सगळे एवढे हळवे का झालात. कोणीतरी सांगितलं की 'द बँड' नावाच्या बँडमधला हा शेवटचा उरलेला माणूस. झालं. तो गडी अर्धा तास गायब, आणि परत आला तो प्रश्न घेऊनच: "पाच जण मिळून वाजवायचे, पाचही जण गाजले, मग गाण्यांचा पैसा एकाकडेच कसा गेला? बाकीच्यांना फसवलं का?"

हा प्रश्न जुना आहे. यावर लोक तावातावाने भांडतात, आणि भांडताना 'गाणं' म्हणजे कागदावर नेमकं काय हे बघायचं राहूनच जातं. मी ग्रुपवर व्हॉइस नोट टाकायला गेलो, ती नऊ मिनिटांची झाली, ती कोणी ऐकणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून हे लिहून काढतोय.

आधी ही मंडळी कोण

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात रॉनी हॉकिन्स नावाचा एक रॉक अँड रोल गायक होता. १९५८ च्या सुमारास तो कॅनडात गेला आणि तिथे त्याची चांगली चलती झाली. त्याच्यासोबत गावाकडून ड्रमर आला होता, लीव्हॉन हेल्म, कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा पोरगा. बाकीचे साथीदार एकेक करून घरी परतले तशी हॉकिन्सने त्यांच्या जागी कॅनडाचीच पोरं उचलली. टोरंटोचा रॉबी रॉबर्टसन गिटारवर. रिक डँको बेसवर, जो तेव्हा खाटकाच्या दुकानात काम शिकत होता. रिचर्ड मॅन्युएल पियानोवर, आणि याचा आवाज असा की ऐकताना पोटात कालवतं. सगळी विशीच्या आतबाहेरची.

गार्थ सगळ्यात शेवटी आला, १९६१ मध्ये. वयाने मोठा, रीतसर शिकलेला, ऑर्गन वाजवणारा. त्याची अडचण अगदी आपल्या घरांतली होती: एवढं शिकवलं ते बारमध्ये वाजवायला का, असं घरचे म्हणणार. मग त्याने अट घातली की मी नुसता वादक म्हणून येणार नाही, मला या पोरांचा संगीत शिक्षक म्हणून घ्या, आणि प्रत्येकाने मला आठवड्याला १० डॉलर शिकवणीचे द्यायचे. म्हणजे घरी सांगता येतं की मी क्लास घेतो. हे १० डॉलर लक्षात ठेवा, कारण या सगळ्या गोष्टीत आपल्या कामाचं नाव आणि दर आधी ठरवून घेणारा हा पहिलाच माणूस दिसतो, आणि पुढे गाण्यांच्या हिशोबात तोच कोरडा राहिला.

१९६४ च्या सुरुवातीपर्यंत हे हॉकिन्सला सोडून वेगळे झाले, १९६५ मध्ये बॉब डिलनने साथीला बोलावलं. डिलन तेव्हा लोकगीतं सोडून इलेक्ट्रिक गिटारकडे वळला होता आणि त्याचे जुने चाहते भडकलेले, त्यामुळे गावोगाव शिट्ट्या आणि शिव्या. १९६६ मध्ये मँचेस्टरला तर प्रेक्षकांतून कोणीतरी 'जुडास' म्हणून ओरडलं, म्हणजे गद्दार. लीव्हॉन त्याच्या आधीच वैतागून निघून गेला होता, आणि काही काळ चक्क मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या रिगवर कामाला होता.

मग जुलै १९६६ मध्ये डिलनला मोटरसायकलचा अपघात झाला, दौरे थांबले, आणि ही मंडळी न्यूयॉर्कच्या उत्तरेला वूडस्टॉकजवळ जाऊन राहिली. वेस्ट सॉगर्टीजमध्ये एक गुलाबी रंगाचं घर भाड्याने घेतलं, महिना १२५ डॉलर. तळघरात टेपरेकॉर्डर. १९६७ मध्ये कित्येक महिने डिलन यायचा, कुत्रा पायाशी, आणि हे लोक जुनी-नवी गाणी वाजवत बसायचे. शंभराच्या वर गाणी टेप झाली. वर्ष संपायच्या आत लीव्हॉनही परतला. गावात यांना सगळे नुसतं 'द बँड' म्हणायचे म्हणून नावही तेच पडलं. मराठीत हे नाव ऐकून लग्नातला ब्रासबँड डोळ्यासमोर येतो हे मला मान्य आहे, पण यांना ते आवडलंच असतं असं वाटतं.

रूट्स रॉक म्हणजे काय

रूट्स म्हणजे मुळं. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतलं जुनं संगीत, म्हणजे कंट्री, ब्लूज, चर्चमधली गाणी, डोंगरातल्या लोकांची फिडल-बँजोची गाणी, हे सगळं मुरवून त्यावर रॉक उभं करायचं, याला रूट्स रॉक म्हणतात. संपली व्याख्या.

पण १९६८ मध्ये हे करणं म्हणजे काय, ते समजायला तेव्हाचा आवाज आठवायला हवा. सगळीकडे भोंगे कर्कश, गिटारचे वीस-वीस मिनिटांचे सोलो, भडक रंग, आईबापांना शिव्या. समजा विसर्जन मिरवणुकीत दोन्ही बाजूला डीजेच्या भिंती लागल्यात, छातीत धडधडतंय, आणि मधल्या गल्लीतून दहा माणसं टाळ-मृदंग घेऊन, एकमेकांकडे बघत, अजिबात घाई न करता आली. आधी कोणाला ऐकूच येत नाही. मग हळूहळू जे खरे वाजवणारे आहेत ते डीजे बंद करून ऐकायला लागतात.

१ जुलै १९६८ ला आलेल्या 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' या पहिल्या अल्बमचं तेच झालं. विक्रीच्या चार्टवर तिसाव्या क्रमांकाच्या वर गेला नाही. आत फोटो होता तो यांच्या घरच्यांसोबतचा, काका-मावश्या-आजोबांसकट, लग्नात काढतात तसा. आणि तो ऐकून गिटारवाल्या एरिक क्लॅप्टनला आपल्या क्रीम या जगप्रसिद्ध बँडमध्ये करमेना, तो बँड त्याच वर्षी मोडला. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन वूडस्टॉकला येऊन राहून गेला. इंग्लंडमधल्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडने विचार केला की हे लोक त्यांच्या मातीतलं वाजवतात तर आपण आपल्या मातीतलं का नको. दुसरा अल्बम १९६९ चा, नुसता 'द बँड' नावाचा, तो नवव्या क्रमांकापर्यंत गेला, आणि १९७० च्या जानेवारीत हे 'टाइम'च्या कव्हरवर.

यांच्या वाजवण्यात एक गोष्ट होती जी शब्दात पकडणं अवघड आहे, तरी 'द वेट' या गाण्याचं धृवपद ऐका. शेवटच्या ओळीआधी एक आवाज 'अँड' म्हणून थांबतो, त्यावर दुसरा 'अँड' चढतो, त्यावर तिसरा, आणि तिघं मिळून ओळ खाली ठेवतात. जसं तीन माणसं एकेक हात लावून जड कपाट उचलतात तसं. एकट्याने म्हटलं तर त्या जागेत काहीही नाही, एक साधा 'आणि' आहे. आता हा 'आणि' कोणाच्या मालकीचा? भांडण इथून सुरू होतं.

एका गाण्याचे दोन सातबारे

गाण्याचे हक्क दोन वेगळे असतात. एक, गाणं स्वतः, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरं, त्या गाण्याचं एक ठराविक रेकॉर्डिंग.

शेतीच्या भाषेत सांगतो. शब्द आणि चाल ही जमीन. रेकॉर्डिंग हे त्या जमिनीवर घेतलेलं एक पीक. जमीन ज्याच्या नावावर, त्याला ती कोणीही कसली तरी खंड मिळतो. मूळ बँडने वाजवलं तरी खंड, दुसऱ्या कोणी गायलं तरी खंड, जाहिरातीत वापरलं तरी खंड. या खंडाला रॉयल्टी म्हणा. आणि जे नांगरतात, म्हणजे गातात-वाजवतात, त्यांना त्या एका पिकातला वाटा, तोही लगेच नाही. कारण रेकॉर्ड कंपनी आधी पैसे देते ते बक्षीस नसतं, ती उचल असते. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम देतो तीच. स्टुडिओचा खर्च, काही ठिकाणी दौऱ्याचा खर्च, सगळं त्या उचलीत धरलं जातं, आणि ती फिटेपर्यंत वाजवणाऱ्याच्या हातात रेकॉर्डिंगचा पैसा पडत नाही. जमीनमालकाचा खंड मात्र साधारणपणे या उचलीत अडकत नाही, तो पहिल्या विकलेल्या रेकॉर्डपासून सुरू.

अजून एक गंमत, जी ऐकल्यावर बहुतेकांचा विश्वास बसत नाही. अमेरिकेत साध्या रेडिओवर, म्हणजे एएम-एफएमवर गाणं लागलं तर पैसे गीतकार-संगीतकाराला मिळतात, गाणाऱ्याला-वाजवणाऱ्याला काही नाही. आजही नाही. इंटरनेट आणि सॅटेलाइट रेडिओसाठी १९९५ च्या कायद्यापासून कलाकारांना वाटा सुरू झाला, पण साधा रेडिओ तसाच. म्हणजे गाडी चालवताना लीव्हॉनला रेडिओवर स्वतःचाच आवाज ऐकू आला, तर त्या आवाजाचा मोबदला दुसऱ्याच्या खात्यात.

हिशोब मांडून बघू

दुसरा अल्बम घ्या. १२ गाणी. रेकॉर्डवरच्या श्रेयनामावलीत ८ गाण्यांखाली एकट्या रॉबर्टसनचं नाव, ३ खाली रॉबर्टसन आणि मॅन्युएल, १ खाली रॉबर्टसन आणि हेल्म. डँको नाही, हडसन नाही.

त्या काळी अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक रेकॉर्डवर प्रत्येक गाण्यामागे खंडाचा कायद्याने ठरलेला दर होता २ सेंट. हा दर १९०९ साली ठरला आणि १९७७ संपेपर्यंत तोच राहिला, बघा, दोन महायुद्धं होऊन गेली पण २ सेंट ते २ सेंट. आता समजा १ लाख रेकॉर्ड विकल्या. १२ गाणी गुणिले २ सेंट म्हणजे रेकॉर्डमागे २४ सेंट, एकूण २४,००० डॉलर. पब्लिशरचा, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचा, वाटा आणि आपसातले करार बाजूला ठेवू, जोडीच्या गाण्यांत अर्धं-अर्धं धरू. रॉबर्टसनचे होतात २०,०००. मॅन्युएलचे ३,०००. हेल्मचा १,०००. डँको शून्य, हडसन शून्य.

हा फक्त कागदावरचा नमुना आहे, कोणाच्या पासबुकातला आकडा नाही. पण प्रमाण बघा, आणि हे एकदा नाही, दरवर्षी, पन्नास वर्षं.

त्यात अजून एक भर. याच अल्बममधलं 'द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाउन' हे गाणं लीव्हॉन गायला होता, आणि असा गायला होता की अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेला दक्षिणेतला शेतकरी समोर येऊन बसावा. (त्या गाण्याच्या विषयावर आज वेगळे वाद आहेत, गुलामगिरीसाठी लढलेल्या बाजूचं दुःख गायचं का वगैरे, तो लेख वेगळा.) १९७१ मध्ये जोन बाएझने ते गायलं आणि अमेरिकेत तिसऱ्या नंबरपर्यंत नेलं, म्हणजे मूळ बँडचं कुठलंच गाणं जिथे कधी पोचलं नाही तिथे. तिने रेकॉर्ड ऐकून शब्द उतरवले होते, त्यामुळे एका सेनापतीचं नाव चुकीचं ऐकू आलं आणि तसंच गायली गेली. तो भाग सोडा. तिच्या हिटचा खंड गेला रॉबर्टसनला. ज्याचं गाणं ऐकून ती शिकली त्या लीव्हॉनला त्यातलं काहीही नाही, आणि कायद्याने यात एक अक्षरही चूक नाही.

"पण गाणं त्यानेच लिहिलं होतं ना?"

हा पहिला आक्षेप आणि तो रास्त आहे. रॉबर्टसन बसून लिहायचा, रोज लिहायचा. शब्द त्याचे, चालीचा सांगाडा त्याचा. पहिल्या अल्बममध्ये रिचर्डची स्वतःची तीन गाणी होती, वर डिलनसोबतचं एक, पण पुढे पुढे तो लिहीनासाच झाला आणि १९७० च्या 'स्टेज फ्राइट'नंतर त्याचं नाव दिसत नाही. रॉबीचं म्हणणं शेवटपर्यंत हेच की मी त्यांच्या मागे लागलो होतो, लिहा म्हणून, कोणी लिहिलं नाही, मग मी काय करायचं. यात खोटं काही दिसत नाही मला.

लीव्हॉनने १९९३ मध्ये आत्मचरित्र काढलं आणि त्यात दुसरी बाजू मांडली: ही गाणी खोलीत पाच जणांनी मिळून घडवलेली, श्रेय आणि पैसा मात्र रॉबी आणि मॅनेजर-मंडळींकडे गेला. तो सांगतो की त्या डिक्सीच्या गाण्यासाठी टोरंटोच्या या पोराला दक्षिणेचा इतिहास वाचायला मीच लायब्ररीत घेऊन गेलो होतो. 'द वेट'मधली अ‍ॅना ली ही लीव्हॉनच्या गावाकडची ओळखीची. म्हणजे मळा लीव्हॉनचा, विहीर लीव्हॉनची, आणि गाजरं विकली रॉबीने, असं त्याचं म्हणणं.

कायदा काय म्हणतो? कायदा म्हणतो शब्द कोणी लिहिले आणि चाल कोणी बांधली ते सांगा. गावाकडच्या गोष्टी पुरवल्या याला लेखन म्हणत नाहीत. ड्रमचा ठेका, बेसची चाल, मागचे आवाज कसे लावायचे, कोण कुठे थांबणार, याला 'अरेंजमेंट' म्हणतात, म्हणजे गाण्याची मांडणी, आणि तिचं नाव वेगळं करार करून घातलं नाही तर मालकीत येत नाही.

आता माझं मत. रॉबी चोर नव्हता आणि लीव्हॉन खोटारडा नव्हता. दोघं वेगळ्या गोष्टीला 'गाणं' म्हणत होते. रॉबी जमिनीबद्दल बोलत होता, लीव्हॉन पिकाबद्दल. गोची अशी की दुसऱ्या कुठल्या बँडमध्ये हा फरक इतका टोचला नसता, पण 'द बँड'ची सगळी जादूच त्या मांडणीत होती. रॉबीने एकट्याने गिटारवर वाजवून दाखवलेलं गाणं आणि या पाचांनी वाजवलेलं गाणं यात जो फरक आहे तो ऐकूनच क्लॅप्टनला आपला बँड नकोसा झाला. आणि नेमक्या त्या फरकाला हिशोबाच्या वहीत रकाना नव्हता.

"मग तेव्हाच का नाही बोलले?"

कारण घरातल्या घरात कोण लिहून घेतो? भावाभावांत शेती असते, एक भाऊ तलाठ्याकडे जातो, कागद बघतो, बाकीचे म्हणतात तू बघतोस ना, बघ. पंधरा वर्षांनी बायका-मुलं आली, भाव वाढले, की सातबारा काढला जातो आणि मग कळतं. इथे तर बाकीच्यांना कागद बघायची शुद्धही पुष्कळदा नसायची. पहिल्या यशानंतर पैसा आला तशी दारू आली, हेरॉइन आलं, गाड्या ठोकणं हा तर यांचा घरचा खेळ होता. रॉबी त्यातल्या त्यात शुद्धीत राहिला, मॅनेजर अल्बर्ट ग्रॉसमनबरोबर बसून धंदा समजून घेतला. ग्रॉसमन म्हणजे डिलनचाही मॅनेजर, पक्का व्यापारी. जो मीटिंगला जातो त्याच्या नावाने कागद होतो, हे जगभर खरं आहे, आमच्या सोसायटीतसुद्धा.

आणि श्रेय समान वाटून घेणारे बँड तेव्हाही होते, पुढेही झाले. द डोअर्सने सुरुवातीच्या अल्बमांवर गाण्यांखाली सरळ बँडचं नाव लावलं. आर.ई.एम.ने चौघांची नावं प्रत्येक गाण्याला लावली, कोणी काय केलं ते सांगायचं नाही. क्वीनने १९८९ मध्ये, बरीच भांडणं झाल्यावर, तोच मार्ग धरला. म्हणजे उपाय कायद्यात नव्हता असं नाही, पण तो आपण होऊन करायचा असतो, आणि ज्याच्या नावावर जमीन आहे त्याने पहिल्यांदा बोलायचं असतं. ते कोण बोलतो!

"म्हणजे नुसत्या पैशाने फुटले?"

नाही. हे मात्र सोशल मीडियावर फार सोपं करून सांगतात. लीव्हॉनचा राग उघड झाला तो नंतर. त्या काळात जे दिसतं ते वेगळंच आहे: दमलेली माणसं. रॉबी सोळा वर्षं रस्त्यावर होता. रिचर्ड दारूत पार बुडालेला. १९७१ चा 'कहूट्स' विस्कळीत, १९७३ चा अल्बम तर दुसऱ्यांच्या जुन्या गाण्यांचा, म्हणजे नवीन काही सुचत नाहीये हे सरळ दिसतं. मध्ये १९७४ मध्ये डिलनबरोबर मोठा दौरा झाला, पैसा मिळाला. १९७५ चा 'नॉर्दर्न लाइट्स – सदर्न क्रॉस' हा अल्बम खरंच चांगला आहे, आवर्जून ऐका, पण त्यातली सगळीच्या सगळी गाणी एकट्या रॉबर्टसनच्या नावावर. पाच जणांचा बँड तोवर एक लेखक आणि चार वादक असा होऊन बसला होता. हे कारण म्हणायचं का परिणाम, मला विचाराल तर दोन्ही. खंड मिळत नसेल तर माणूस बांधावर कशाला राबेल, आणि राबत नसेल तर त्याचं नाव कशाला लागेल.

मग रॉबी म्हणाला दौरे बंद. २५ नोव्हेंबर १९७६, सॅन फ्रान्सिस्कोचा विंटरलँड हॉल. याच हॉलमध्ये १९६९ मध्ये त्यांनी 'द बँड' म्हणून पहिला कार्यक्रम केला होता, आणि तेव्हा रॉबी इतका आजारी होता की त्याला उभं करायला चक्क संमोहन करणारा माणूस आणला होता. निरोपाच्या कार्यक्रमाचं तिकीट २५ डॉलर, त्यात टर्कीचं जेवण, पाचेक हजार लोक आधी पंगतीला बसले आणि मग गाणं. डिलन, मडी वॉटर्स, जोनी मिचेल, व्हॅन मॉरिसन, क्लॅप्टन, कोण नव्हतं! मार्टिन स्कोर्सेसीने सगळं शूट केलं आणि १९७८ मध्ये 'द लास्ट वॉल्ट्झ' हा सिनेमा आला. सिनेमाचा निर्माता रॉबर्टसन. लीव्हॉनला हा सिनेमा कधीच आवडला नाही, त्याच्या मते कॅमेरा सारखा एकाच माणसावर. मी तो सिनेमा बऱ्याचदा बघितलाय. लीव्हॉन ड्रम वाजवत गातो ते दृश्य बघून प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो, आणि तरी त्याचं म्हणणं चूक नाही हेही दिसतं. रिचर्ड जवळजवळ सापडतच नाही.

पुढचं पटकन सांगतो, कारण सांगताना बरं वाटत नाही. १९८३ मध्ये रॉबीशिवाय बाकीचे परत एकत्र आले, छोट्या छोट्या जागी वाजवू लागले. मार्च १९८६ मध्ये फ्लोरिडात एका कार्यक्रमानंतर मोटेलच्या खोलीत रिचर्डने जीव दिला, ४२ वर्षांचा होता. रिक १९९९ मध्ये गेला, ५५ व्या वर्षी, झोपेत. १९९४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला तेव्हा लीव्हॉन गेलाच नाही. त्याला घशाचा कॅन्सर झाला, आवाज गेला, बिलं भरायची म्हणून २००४ पासून वूडस्टॉकच्या आपल्या घराला लागूनच्या लाकडी कोठारात शनिवारी रात्री गाणं सुरू केलं, लोक तिकीट काढून यायचे आणि वर डबे घेऊन यायचे. आवाजही थोडा परत आला. २००७ नंतर तीन ग्रॅमी. त्यातलं एक 'अमेरिकाना' या नव्याने सुरू झालेल्या विभागातलं पहिलंच, म्हणजे ज्या प्रकाराला नाव नव्हतं तेव्हापासून जो वाजवत होता त्यालाच. २०१२ मध्ये लीव्हॉन गेला, शेवटच्या दिवसांत रॉबी हॉस्पिटलमध्ये जाऊन त्याच्याजवळ बसून आला. रॉबी २०२३ मध्ये.

"आपल्याला काय त्याचं?"

आपल्याकडे हाच प्रकार इतका झालाय की यांचं भांडण किरकोळ वाटेल. मुंबईच्या सिनेसंगीताच्या सुवर्णकाळात संगीतकार चाल गुणगुणायचा, आणि पन्नास-साठ व्हायोलिनांनी काय वाजवायचं, मध्ये सॅक्सोफोन कुठे येणार, हे कागदावर उतरवायचे गोव्याचे वादक, कारण पाश्चात्त्य नोटेशन त्यांना लिहिता-वाचता यायचं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. आज जी गाणी आपण इंट्रोवरून ओळखतो, लताबाईंचा आवाज लागायच्या आधीच ओळखतो, तो इंट्रो पुष्कळदा अरेंजरचा. पडद्यावर नाव आलंच तर बारीक अक्षरात, आणि रॉयल्टीचा तर प्रश्नच नव्हता. प्रश्न संगीतकाराचाही नव्हता म्हणा: १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सिनेमाच्या गाण्याचा मालक निर्मात्यालाच धरलं होतं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला तेव्हा कुठे गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क मिळाला जो सही करूनही सोडून देता येत नाही, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकारांसाठीही वाट्याची तरतूद आली. मांडणी करणाऱ्याचं वेगळं नाव अजूनही कुठे ठळक सापडत नाही.

परत गार्थकडे

ग्रुपवरचा तो नाट्यसंगीतवाला, त्याला मी शेवटी एकच गाणं पाठवलं. 'चेस्ट फीव्हर', पहिल्या अल्बममधलं. सुरुवातीला गार्थचा ऑर्गन. बाख या जुन्या जर्मन संगीतकाराची एक प्रसिद्ध रचना आहे, तिच्या चार सुरांनी तो दार उघडतो आणि मग कुठच्या कुठे जातो, चर्चमधून जत्रेत, जत्रेतून परत. त्यानंतर शब्द येतात, आणि ते शब्द म्हणजे आपले लोक 'डमी' म्हणतात तसे, चालीत बसवायला घातलेले, नंतर बदलू म्हणून ठेवलेले. रॉबर्टसननेच सांगितलंय की त्यांना फारसा अर्थ नाही. पन्नास वर्षं लोक हे गाणं ऑर्गनसाठी ऐकतात. नाव एकट्या रॉबर्टसनचं.

पण कार्यक्रमात काय व्हायचं की ती सुरुवात रोज वेगळी व्हायची. कधी पाच मिनिटं, कधी त्याहून लांब, बाकीचे चौघे हात बांधून उभे, हा शिक्षक कधी थांबतोय बघत. १९७१ च्या शेवटी न्यूयॉर्कला चार रात्री कार्यक्रम होते, ते रेकॉर्ड करून पुढच्या वर्षी 'रॉक ऑफ एजेस' म्हणून काढले. ३१ डिसेंबरच्या रात्री गार्थचा सोलो चालू असतानाच बारा वाजतात. तो न थांबता, जिथे होता तिथूनच, 'ऑल्ड लँग साइन' या नववर्षाच्या गाण्यात वळतो. पब्लिक वेडं होतं. आणि मग तसाच हळूच परत आपल्या वाटेला.

त्या रेकॉर्डवर या तुकड्याला 'चेस्ट फीव्हर'पासून वेगळं काढून वेगळं नाव दिलंय, 'द जेनेटिक मेथड'. त्याखाली एकच नाव आहे, हडसन.

ग्रुपवर त्याचं उत्तर आलं रात्री पावणेबाराला: "अरे हा माणूस तर आलाप करतोय."